चिरेखाणीतले पाणी, नाक आणि एकशे अठरा तास

तळकोकणातली सड्यावरची एक वाडी. मे महिन्याचा दुसरा आठवडा. मुंबईहून आजोळी आलेला तेरा वर्षांचा मुलगा, वजन ४२ किलो, धडधाकट. दुपारी तीनच्या सुमारास मामाच्या मुलांबरोबर वाडीमागच्या सोडून दिलेल्या चिरेखाणीत (जांभ्याचे चिरे काढून झालेल्या खड्ड्यात) उतरतो. आजूबाजूच्या खाणी एप्रिलमध्येच आटल्या आहेत. ही जरा खोल, म्हणून हिच्यात गेल्या पावसाळ्याचे पाणी सरासरी दीड मीटर उरले आहे. पृष्ठभागाखाली वीतभर खोलीवर पाण्याचे तापमान ३४ अंश. पोरे काठावरून मुटके मारतात, तळाचा गाळ ढवळून पाणी तांबडे होते, दोघेतिघे नाकात पाणी गेल्यामुळे खोकत वर येतात. पाचव्या दिवशी सकाळी या मुलाचे डोके दुखू लागते. त्यानंतर ११८ तासांनी तो मरण पावतो. त्याच पाण्यात डुंबलेल्या बाकी पाच मुलांना काहीही होत नाही.

हे प्रकरण शिकवण्यासाठी बांधलेले आहे. वाडी आणि मुलगा कल्पित आहेत. आजाराचा क्रम, तपासणीत होणाऱ्या चुका, औषधांचे डोस आणि क्लोरीनचे हिशेब मात्र प्रत्यक्षातलेच आहेत.

कारण आहे नेग्लेरिया फाउलेरी हा एकपेशीय अमीबा. तो गोड्या, कोमट पाण्यात आणि तळाच्या गाळात मोकळा राहतो, जिवाणू खातो आणि ४६ अंशांपर्यंत मजेत वाढतो. खारे पाणी त्याला मानवत नाही, त्यामुळे समुद्रात पोहणाऱ्याला याची भीती नाही. त्याची तीन रूपे आहेत: १० ते २५ मायक्रॉनचा सरपटणारा अमीबा, अन्न संपले की काही काळापुरते शेपट्या फुटलेले पोहणारे रूप आणि थंडीत किंवा उपासमारीत कवच धरून बसणारे कोशरूप. आजार करतो तो सरपटणारा. पाणी जोराने नाकात शिरले की तो नाकाच्या छताजवळच्या, वास घेणाऱ्या पातळ त्वचेवर चिकटतो. तिथून वासाच्या मज्जातंतूंच्या कडेने, कवटीच्या चाळणीसारख्या हाडातून थेट मेंदूच्या पुढच्या भागात पोहोचतो. तेच पाणी प्यायले तर काही होत नाही, आणि रुग्णापासून दुसऱ्याला लागण होत नाही. या आजाराचा दरवाजा एकच, तो म्हणजे नाक. आपली गावपातळीवरची सगळी पाणीव्यवस्था मात्र तोंडाचा विचार करून उभी आहे. या प्रकरणात दवाखान्यात आणि पाण्याच्या बाजूला जे जे चुकले, ते याच एका कारणाने चुकले.

तासांचा हिशेब

पहिला तास: कपाळात ठणका, अंगात कणकण. दुपारी जेवताना मुलगा म्हणतो, बांगड्याच्या तिखल्याला वासच येत नाही. आजीला वाटते सर्दी झाली असेल. वास किंवा चव बदलणे हे या आजाराचे अगदी सुरुवातीचे लक्षण असू शकते, कारण अमीबा त्या क्षणी वासाच्या तंतूंतच असतो. सगळ्यांमध्ये ते दिसत नाही. पण तापाच्या रुग्णात नाक वाहत नसताना वास गेला असेल, तर त्याची नोंद केसपेपरवर व्हायलाच हवी.

दहावा तास: प्राथमिक आरोग्य केंद्र. ताप १०२, मान मऊ, हिवतापाची रक्तपट्टी निगेटिव्ह, पॅरासिटेमॉल देऊन घरी. इथे वैद्यकीय अधिकाऱ्याला दोष देता येणार नाही. तळकोकणात मे महिन्यात ताप आणि डोकेदुखी म्हटले की डोक्यात आधी माकडताप येतो, पावसाळ्यात लेप्टो (साचलेल्या पाण्यातून जखमेवाटे होणारा लेप्टोस्पायरोसिस) आणि स्क्रब टायफस. म्हणूनच केसपेपरवर 'जंगलात गेला होता का, गोचीड चावली का' लिहिलेले आहे. 'पाण्यात गेला होता का' हा प्रश्न जूननंतर विचारला जातो, तोही पायाच्या जखमेसाठी. मेमध्ये कोणी विचारत नाही.

प्रश्न अगदी साधा आहे आणि तो बोलीतच विचारावा: "झिल गेल्या पंधरा दिवसांत खंय पोवाक गेल्लो काय? नाकात पाणी गेला?" मुलाला वेगळे विचारावे, आईसमोर नको, कारण चिरेखाणीत जायला घरून बंदी असते आणि पोर खोटे बोलते. मामाच्या पोरांना विचारले तर दोन मिनिटांत खरे कळते. पंधरा दिवस यासाठी, की नाकात पाणी गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत १ ते १२ दिवस जातात, बहुतेकदा पाच. पोहण्याबरोबरच जलनेती, तळ्यातली आंघोळ, होमस्टेचा छोटा पूल आणि गरम पाण्याचे कुंड हेही विचारावे.

तिसावा तास: दोनदा जोराची उलटी, उजेड सहन होत नाही, मान ताठ. ग्रामीण रुग्णालयात सेफ्ट्रिॲक्सोनचा पहिला डोस देऊन मोठ्या रुग्णालयात रवानगी. हे योग्यच झाले. जिवाणूंचा मेंदूज्वर कितीतरी जास्त आढळतो, आणि अँटिबायोटिक अडवून धरण्याचे काही कारण नाही.

अडतिसावा तास, रात्र: पाठीतले पाणी (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव) काढले. दाब वाढलेला, पाणी गढूळ. पांढऱ्या पेशी २,४००, त्यात ९० टक्के न्यूट्रोफिल (जिवाणूंवर धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी). साखर १८, त्याच वेळी रक्तातली १३०. प्रथिने ३८०. ग्रॅम रंगात (जिवाणू दिसावेत म्हणून काचेवर देतात तो रंग) जिवाणू नाहीत. निदान लिहिले गेले: 'पू-युक्त मेंदूज्वर, आधी अँटिबायोटिक दिल्यामुळे जिवाणू दिसले नाहीत'. तर्क सरळ आहे, आणि तिथेच घात झाला. अमीबाच्या मेंदूज्वरात पाठीचे पाणी हुबेहूब जिवाणूंच्या मेंदूज्वरासारखेच दिसते. फरक एवढाच की जिवाणू सापडत नाहीत. साखर खाली, न्यूट्रोफिल भरपूर आणि ग्रॅम निगेटिव्ह, असे तिन्ही एकत्र आले की त्याच नमुन्याचा एक ताजा थेंब काचेवर टाकून पाहायचा, असा नियमच करून टाकावा. सेफ्ट्रिॲक्सोन आधी दिले होते की नाही, याची वाट पाहू नये.

उरलेला नमुना रात्री फ्रीजमध्ये ठेवला गेला. सकाळी पन्नासाव्या तासाला थेंब पाहिला, तेव्हा हालचाल नव्हती. 'मोठ्या एककेंद्रकी पेशी' अशी नोंद झाली.

अठ्ठावन्नावा तास: झटका, शुद्ध हरपली. नातेवाइकांशी बोलताना चिरेखाणीचा विषय निघाला. पाठीतले पाणी पुन्हा काढले, या वेळी लगेच पाहिले. अमीबा सरपटताना दिसला. चौसष्टाव्या तासाला पहिले औषध सुरू झाले, आणि सर्वांत महत्त्वाचे औषध, मिल्टेफोसिन, हाती यायला आणखी तीस तास लागले.

थेंब पाहायचा कसा

हा भाग सविस्तर लिहितो, कारण यासाठी महागडे काही लागत नाही. साधा सूक्ष्मदर्शक तालुक्याच्या ठिकाणीही असतो.

नमुना फ्रीजमध्ये ठेवू नये, बर्फावर पाठवू नये. थंडीत अमीबा गोल होऊन स्थिर होतो आणि मग तो पांढऱ्या पेशीपासून ओळखू येत नाही. खोलीच्या तापमानाला ठेवावा आणि तासाभरात पाहावा. अमीबा नळीच्या काचेला चिकटतो, म्हणून थेंब घेण्याआधी नळी हलक्या हाताने फिरवून घ्यावी. झटकून हलवू नये. पाणी पुरेसे असेल तर १५० जी (गुरुत्वाकर्षणाच्या १५० पट) एवढ्याच कमी वेगाने पाच मिनिटे सेंट्रिफ्यूज करावे आणि तळचा थेंब घ्यावा. नेहमीच्या लघवीच्या तपासणीच्या वेगाने फिरवले तर अमीबा दबून मरतो.

काच आधी तळहातात धरून कोमट करावी. थेंब, वर कव्हरस्लिप. आधी १०, मग ४० ची भिंग. कंडेन्सर खाली आणि आयरिस बरीच मिटलेली, नाहीतर प्रखर उजेडात पारदर्शक पेशी दिसतच नाही. आता घाई करायची नाही. एक मोठी पेशी निवडून तिच्यावर सलग दोन मिनिटे नजर ठेवायची. पांढरी पेशी जागच्या जागी थोडी वळवळते. नेग्लेरिया एका दिशेने सरकतो: कडेला गोलसर, स्वच्छ फुगवटा अचानक बाहेर पडतो, मागचा भाग त्यात ओतला जातो आणि मग दुसरा फुगवटा. केंद्रकाच्या मधोमध एक ठसठशीत ठिपका आणि त्याभोवती फिकट वलय दिसते. शंका असेल तर एक थेंब सुकवून गिम्सा रंग द्यावा. ग्रॅम रंगाचा इथे उपयोग नाही.

एक धोका यंत्राचाही आहे. पेशी मोजणारी स्वयंचलित यंत्रे अमीबाला पांढऱ्या पेशींतच जमा करतात. आकडा बरोबर येतो, निदान हुकते. मेंदूज्वराच्या संशयितात पेशी न्यूबाउअर चेंबरवर (रेघा आखलेल्या मोजणीच्या काचेवर) हाताने मोजल्या, तर डोळ्यांना तरी संधी मिळते.

पीसीआरसाठी (अमीबाची जनुकीय खूण शोधणाऱ्या तपासणीसाठी) नमुना वेगळा ठेवावा. केरळमधले नमुने काही काळ चंडीगडच्या पीजीआयमध्ये तपासले जात होते. मात्र कोकणातून नमुना पाठवून उत्तर येईपर्यंत रुग्णाचे जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. पीसीआर खात्रीसाठी. उपचार थेंबावर सुरू करायचे, आणि थेंबात काही दिसले नाही तरी पोहण्याचा इतिहास पक्का असेल तर संशयावरही सुरू करायचे.

औषधे

या आजारातून वाचलेले थोडेच आहेत. अमेरिकेत १९६२ ते २०२३ या काळात १६४ रुग्णांची नोंद झाली, त्यातले चार जगले. तिथे २०१३ मध्ये आर्कान्सा राज्यातल्या बारा वर्षांच्या मुलीला लक्षणे सुरू झाल्यापासून सुमारे ३६ तासांत उपचार मिळाले, त्यात मिल्टेफोसिन होते, शिवाय मेंदूची सूज आटोक्यात ठेवण्यासाठी शरीराचे तापमान मुद्दाम उतरवले होते. ती पूर्ण बरी झाली. त्याच वर्षी आठ वर्षांच्या एका मुलालाही मिल्टेफोसिन मिळाले, पण काही दिवस उशिराने. तो जगला, मेंदूला मात्र कायमची इजा झाली. कोळिकोड जिल्ह्यातला चौदा वर्षांचा मुलगा जुलै २०२४ मध्ये बरा झाला. त्याच्या घरच्यांनी पोहल्याची माहिती डॉक्टरांना स्वतःहून सांगितली होती.

आपल्या प्रकरणातल्या ४२ किलोच्या मुलासाठी डोस असे निघतात. ॲम्फोटेरिसिन बी शिरेतून, पहिले तीन दिवस किलोला दीड मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला ६३, दोन वेळा साडेएकतीस करून. मग अकरा दिवस किलोला एक, म्हणजे ४२. शिवाय पाठीतून मणक्यात दोन दिवस रोज दीड मिलिग्रॅम, नंतर आठ दिवस एकाआड एक दिवस एक मिलिग्रॅम. फ्लुकोनॅझोल, रिफॅम्पिसिन आणि ॲझिथ्रोमायसिन, तिन्ही किलोला १० या हिशेबाने दिवसाला ४२०, अठ्ठावीस दिवस. मिल्टेफोसिन ५० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल दिवसातून दोन वेळा, अठ्ठावीस दिवस. ४५ किलोच्या वर तीन वेळा, पण दिवसाला किलोमागे अडीच मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडायची नाही. डेक्सामेथासोन किलोला ०.६, म्हणजे दिवसाला साधारण २५ मिलिग्रॅम, चार भागांत, चार दिवस.

ॲम्फोटेरिसिनबाबत दोन गोष्टी रात्रपाळीत हमखास चुकतात. ते फक्त ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळायचे. सलाइनमध्ये टाकले की साका बसतो आणि औषध वाया जाते. दुसरे, बुरशीच्या आजारांत हल्ली लायपोसोमल प्रकार मूत्रपिंडाला सौम्य म्हणून पसंत करतात. इथे जुना, साधा डीऑक्सिकोलेट प्रकारच हवा, कारण नेग्लेरियावर तो कमी मात्रेत काम करतो. मूत्रपिंड, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम रोज पाहावे लागते.

मिल्टेफोसिन हे कालाआजाराचे औषध. बिहार-झारखंडकडे ते ओळखीचे आहे, कोकणात कुठल्या कपाटात असेल असे गृहीत धरता येत नाही. म्हणून संशय आला त्या क्षणी एकाने थेंब पाहायचा आणि दुसऱ्याने फोन घ्यायचा: जिल्हा साथरोग सर्वेक्षण अधिकारी, जवळचे वैद्यकीय महाविद्यालय, गोव्यातले बांबुळीचे रुग्णालय, मुंबई. रुग्ण हलवायचा झालाच, तर औषध कुठे आहे हे कळल्यावर तिकडे हलवावा. या प्रकरणात आधी रुग्ण हलला, औषधाचा शोध मागाहून सुरू झाला.

केरळचे आकडे वाचताना एक सावधगिरी हवी. तिथे २०२५ मध्ये सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सत्तरच्या आसपास रुग्ण आणि १९ मृत्यू नोंदले गेले. हे प्रमाण जागतिक अनुभवापेक्षा खूप बरे दिसते. लवकर निदानाचा त्यात मोठा वाटा आहे, पण तिथल्या मोजणीत अकँथअमीबासारखे दुसरे अमीबाही येतात. ते आठवडे-महिने घेत हळू वाढणारा आजार करतात, आणि फुप्फुसातून किंवा त्वचेवरच्या जखमेतूनही शिरतात. भारतात नेग्लेरियाच्या मेंदूज्वराची पहिली नोंद १९७१ ची, दोन लहान मुलांची. ॲडलेडमध्ये १९६५ साली हा आजार प्रथम वर्णिला गेला, त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी. म्हणजे आपल्याकडे तो नवा आलेला नाही.

पाण्याची बाजू

मृत्यूनंतर चौथ्या दिवशी आरोग्यसेवक आणि जलसुरक्षक वाडीत आले. ग्रामपंचायतीच्या पाणी नोंदवहीत वाडीचे दोन स्रोत होते: नळपाणी योजनेची विहीर आणि एक बोअर. दोन्हींना हिरवे कार्ड. चिरेखाण नोंदवहीत नव्हती, कारण तिचे पाणी कोणी पीत नाही. देवळामागचे तळे नव्हते, तेही याच कारणाने. हिरवे कार्ड सांगते की या स्रोताच्या आसपास घाण नाही, जुलाब-काविळीचा धोका कमी. नेग्लेरियाला मैल्याशी काही देणेघेणे नाही. कॉलिफॉर्म शून्य असलेल्या स्वच्छ, कोमट पाण्यातही तो असू शकतो.

सरपंचांची पहिली सूचना होती की खाणीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून मोकळे व्हावे. हिशेब करून पाहू. खाण २५ मीटर लांब, १८ रुंद, सरासरी दीड मीटर पाणी: ६७५ घनमीटर, म्हणजे पावणेसात लाख लिटर. पालापाचोळा, शेवाळ आणि जांभ्यातले लोह क्लोरीन खातात, म्हणून लिटरला निदान ३ मिलिग्रॅम धरले तर दोन किलोच्या वर निव्वळ क्लोरीन लागतो. पावडरमध्ये २५ टक्के क्लोरीन असेल तर आठ किलोहून जास्त टीसीएल. एवढे टाकूनही उघड्यावर मेच्या उन्हात मोकळा क्लोरीन तासाभरात निम्म्याहून कमी होतो, आणि गाळात तर तो उतरतच नाही. दुसऱ्या दिवशी पाणी पूर्वीसारखेच, पण आता 'औषध टाकलेले' म्हणून पोरे निर्धास्त. उघड्या खाणीत टीसीएल टाकणे आमच्या मते न टाकण्यापेक्षा वाईट आहे. त्यापेक्षा काट्यांचे कुंपण घालावे आणि शक्य असेल तर पाणी उपसून टाकावे.

खाणीचा नमुना घ्यायला हरकत नाही, पण घ्यायची पद्धत वेगळी आहे. जिवाणूंच्या तपासणीची बाटली बर्फावर जाते, अमीबाची साध्या तापमानाला. एक लिटर वरचे पाणी आणि वेगळ्या बाटलीत तळाचा गाळ. आणि उत्तर काहीही आले तरी त्यावर धोरण ठरवू नये. कोमट गोड्या पाण्यात हा अमीबा जगभर सापडतो, 'इतके असतील तर धोका' अशी रेषा कोणी आखलेली नाही. 'सापडला नाही' याचा अर्थ त्या दिवशी त्या बाटलीत आला नाही, एवढाच.

खरी धक्कादायक गोष्ट सापडली ती मामाच्या घरी. आजोबा तीस वर्षे रोज सकाळी जलनेती करतात. पाणी गच्चीवरच्या काळ्या प्लास्टिक टाकीतून नळाला येते. दुपारी त्या नळाच्या पाण्याचे तापमान ३८ अंश, ओटी चाचणीत (क्लोरीन असला की पाणी पिवळे होते) रंग आलाच नाही, आणि टाकीच्या आतल्या भिंतीला बोट लावले तर बुळबुळीत थर. हा थर म्हणजे जिवाणूंची वस्ती, अमीबाचे जेवणाचे ताट. लुइझियानात २०११ मध्ये दोघांचा मृत्यू घरच्या नळाच्या पाण्याने नाक धुतल्यामुळे झाला होता. कराचीत पोहण्याचा काहीही इतिहास नसलेले रुग्ण वजू करताना नाकात घेतलेल्या नळाच्या पाण्याशी जोडले गेले आहेत. आजोबांना काही झालेले नाही, पण मुलगा खाणीत गेलाच नसता तरी या घरात एक दरवाजा उघडाच होता.

टाकी अशी धुतली. रिकामी करून ताठ ब्रशने आतला थर पूर्ण खरवडला. क्लोरीन थराच्या वरवरच काम करतो, म्हणून घासणे आधी. मग १,००० लिटर भरून लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन होईल एवढे टीसीएल, २५ टक्क्यांच्या पावडरीचे २०० ग्रॅम. पावडर थेट टाकली नाही: एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त न घेता पातळ लापशी केली, पाणी घालून ढवळली, दहा मिनिटे निवू दिली, वरची निवळी टाकीत आणि खालचा चुना बाहेर. प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडला, रात्रभर तसेच ठेवले, सकाळी सगळे वाहून टाकले, माडाच्या आणि पोफळीच्या आळ्यात नाही, विहिरीकडे नाही. टाकीवर झावळ्यांचे छप्पर घातले. काळी टाकी उन्हात असेल तर क्लोरीन उडतो आणि तापमान वाढते, दोन्ही नको तेच.

घरच्या विहिरीचा हिशेबही त्याच दिवशी केला. व्यास ४ मीटर, पाणी ३ मीटर: ३.१४ गुणिले ४ गुणिले ४ भागिले ४ गुणिले ३, म्हणजे ३७.७ घनमीटर, ३७,७०० लिटर. नेहमीचा डोस हजार लिटरला अडीच ग्रॅम, तो ताज्या ३३ टक्क्यांच्या पावडरीसाठी: ९४ ग्रॅम. ग्रामपंचायतीच्या गोदामातली पोती पावसाळा पाहिलेली होती. पावडर २० टक्क्यांवर उतरली असेल तर तेवढ्याच कामाला १५५ ग्रॅम लागतात. निवळी संध्याकाळी सोडली, बादली खालीवर करून पाणी मिसळले, तासभर थांबून मोजले.

मोजण्यात एक खास कोकणी अडचण आहे. जांभ्याच्या पाण्यात लोह असते, कधी मँगनीजही, आणि या दोन्हींमुळे ओटीला क्लोरीन नसतानाही पिवळी झाक येते. जलसुरक्षक 'ओटी पॉझिटिव्ह' लिहून मोकळा होतो. टीसीएल टाकण्याआधीच्या पाण्यावर एकदा ओटी करून पाहावी. तिथेच पिवळे दिसले तर ओटीवर विसंबू नये, डीपीडीच्या (क्लोरीन मोजण्याच्या दुसऱ्या रसायनाच्या) गोळीने मोजावे. ओटी वापरलीच तर रंग दहा सेकंदांत वाचावा. नंतर गडद होणारा रंग बांधलेल्या, म्हणजे दुसऱ्या पदार्थांशी जोडल्या गेलेल्या क्लोरीनचा असतो. पिण्यासाठी ०.२ पीपीएम (लिटरला ०.२ मिलिग्रॅम) शिल्लक क्लोरीन असला की आपण समाधानी असतो. नेग्लेरियासाठी ऑस्ट्रेलिया आणि लुइझियाना दोन्हीकडे ०.५ ही रेषा धरली आहे, तीही शेवटच्या नळाला. दक्षिण ऑस्ट्रेलियात पोर्ट ऑगस्टाला उघड्यावरून शेकडो किलोमीटर येणारी जलवाहिनी उन्हात तापून क्लोरीन संपत असे, आणि घरच्या नळाच्या पाण्याने मुले दगावली. कातळात चर खणणे महाग म्हणून आपल्याकडेही काळे पाइप सड्यावरून उघडेच टाकलेले दिसतात. अशा योजनेत टाकीजवळचे मोजमाप निरुपयोगी आहे. वाडीतल्या सगळ्यांत लांबच्या घरी, दुपारी दोनला, पहिली बादली सोडून न देता मोजावे.

होमस्टेवाल्यांनी चेकोस्लोव्हाकियातल्या उस्ती नाद लाबेमचे उदाहरण ध्यानात ठेवावे. तिथल्या बंदिस्त, क्लोरीन घातलेल्या जलतरण तलावात १९६२ ते १९६५ या काळात सोळा तरुण मुलेमुली दगावली. तलावाच्या एका भिंतीमागे पोकळी राहिली होती. भेगेतून पाणी आत-बाहेर करत होते आणि क्लोरीन न पोहोचणाऱ्या त्या कोपऱ्यात अमीबा वाढत होता. फुटलेली टाइल, बंद पडलेला धबधबा, पाणी न फिरणारा बेबी पूल, हेच ते कोपरे.

उन्हवरे, तुरळ, राजवाडी, आरवली, उन्हाळे इथली गरम कुंडे बंद करा असे कोणी म्हणत नाही. झऱ्याच्या तोंडाशी पाणी फार तापलेले असले, तरी कुंडात आणि पाटात ते निवत जाते तेव्हा अमीबाच्या आवडीच्या पट्ट्यातून जाते. अंग शेकावे, डोके पाण्याखाली घालू नये.

आजोबांना जलनेती सोडायला सांगितले नाही, आणि तशी गरजही नाही. पाणी खळखळ उकळून एक पूर्ण मिनिट ठेवायचे, झाकूनच निवू द्यायचे, मग मीठ. लिटरला ९ ग्रॅम मीठ नाकाला सोसावे म्हणून असते, त्याने अमीबा मरत नाही. गाळणीच्या मेणबत्तीवर किंवा फिल्टरवर भरवसा नको. नेतीपात्र वापरून झाले की धुऊन उन्हात कोरडे करावे, कारण कोरडेपणा अमीबाला सोसत नाही.

वाडीत पहिले दोन दिवस मुलाच्या घरी कोणी पाणी पीत नव्हते. आशाताईंनी घरोघर जाऊन एकच वाक्य सांगितले, की हा आजार माणसाकडून माणसाला जात नाही आणि पिण्यानेही होत नाही. बाकी पाच मुलांना औषध दिले नाही, तशी शिफारसही नाही. पोहल्यापासून चौदा दिवस रोज ताप, डोकेदुखी आणि वास येतो का, एवढे विचारले. पाचव्या घरची आई दिवसातून तीनदा पोराच्या नाकाशी कोकम धरत होती.

खाणीवर लावायच्या फलकावरून ग्रामसभेत बराच वाद झाला. 'मेंदू खाणारा अमीबा, सावधान' असा मजकूर एकाने सुचवला. तो नाकारला गेला हे बरे झाले. अशा फलकापुढे पोरे फोटो काढतात आणि उडी मारतात. शेवटी लिहिले ते असे: 'या खाणीत पोहू नये. पाणी नाकात गेल्यावर पंधरा दिवसांत ताप व डोकेदुखी झाल्यास डॉक्टरांना पोहल्याचे आधी सांगावे.' नोंदवहीत 'न पिण्याचे पाणी' असा नवा रकाना आखला गेला: चिरेखाण, देवळामागचे तळे, दोन शेततळी, व्हाळातला कोंड. एप्रिल, मे आणि ऑक्टोबरमध्ये दर आठवड्याला दुपारी तीनला प्रत्येकाचे तापमान मोजायचे, ३० अंशांच्या वर गेले की शाळेच्या फळ्यावर लिहायचे. थर्मामीटर दोनशे रुपयांना कुडाळात मिळाला.